पहिला ठोका हवेत

तो कोपऱ्यातला बारका दिवा राहू दे, मोठा बंद कर. दार नुसतं लोट, कडी नको लावू. मध्येच कुणाला पळावंसं वाटलं तर कडी काढण्यात वेळ जायला नको. हसताय? हसा बाई हसा, आत्ताच काय ते हसून घ्या.

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या जावयावर गुदरलेली आहे. तुम्ही बघितलाय त्याला. मागच्या लग्नात नवरानवरीला भेटायचं सोडून फोटोवाल्याचा बिघडलेला दिवा उघडून बसला होता, तोच तो. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. सगळे त्याला पक्कड म्हणतात. एकदा बिघाड धरला की सोडत नाही म्हणून पक्कड. माझी बहीण म्हणते, इतकं घट्ट कधी भाजीची पिशवी धरली असती तर बरं झालं असतं. पण सासूचं तोंड, ते राहू दे.

तर मागच्या नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. रात्रीचे साडेनऊ वाजलेले. जावईबापू दूध आणायला बाहेर पडले. अंगात घरातला बाही फाटलेला शर्ट, पायात स्लिपर, तीही एका बाजूनं तारेनं बांधलेली. दुकानात दुधाचा डबा हातात घेतला आणि फोन वाजला. डॉक्टरीणबाई.

या डॉक्टरीणबाईंचं चौकातच सेंटर आहे. डोक्याचे, छातीचे, हाडांचे आतले फोटो काढतात तिथे. तिकडची सगळी कॉम्प्युटरं पक्कडकडेच.

"पक्कड, कुठे आहेस?"

"दुधाच्या दुकानात, बाई."

"तसाच ये. आतलं फोटो साठवायचं मोठं मशीन गेलं. संध्याकाळी वीज तीनदा आली-गेली, तेव्हापासून उठतच नाही."

"बाई, सकाळी उजाडता उजाडता येतो की."

"सकाळी आठ वाजता तुझ्या मास्तरांच्या बायकोचं डोकं उघडणार आहेत."

पक्कडनं दुधाचा डबा परत फळीवर ठेवला.

आता हे मास्तर कोण, ते सांगायला पाहिजे. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. पक्कडला हे काम ज्यांनी शिकवलं ते. सेंटरमधलं ते मोठं मशीनही मास्तरांनीच आपल्या हातानं जोडलेलं. माणूस काडीसारखा, बोलणं मोजकं, आणि खिशाला कायम एक हिरवा मार्कर. हिरवाच. लाल रंग बघितला की गिऱ्हाइकाच्या पोटात गोळा येतो म्हणायचे. डिस्क बाहेर ओढायच्या आधी तिच्यावर नंबर घालायचा, हा त्यांचा कायदा. "आधी लिही, मग ओढ." दिवसातून दहा वेळा तेच. पक्कड वैतागायचा.

आणि आणखी एक खोड होती त्यांची. डिस्क मोजताना त्या मार्करच्या टोकानं ठोके द्यायचे. पण पहिल्या डिस्कवर ठोका नाही! नुसता मार्कर वर धरून थांबायचे, हवेत. मग दुसरीवर एक ठोका, टक. तिसरीवर दोन, टक टक. चौथीवर तीन.

पक्कड म्हणायचा, "मास्तर, पहिलीनं काय घोडं मारलंय तुमचं? तिला उपाशी का ठेवता?"

तर म्हणायचे, "ती शून्य आहे. मशीन शून्यापासून मोजतं, बाळा. तू एकापासून मोजतोस. मशीनला तुझ्या बोटांशी देणंघेणं नाही."

मग बिनसलं दोघांचं. एका शाळेत पक्कडनं चार डिस्क धूळ झटकायला म्हणून ओढल्या. लिहिलं नाही. टेबलावर त्या मिसळल्या आणि परत लावताना गोंधळ झाला. मुलांचे पंधरा वर्षांचे दाखले गेले. हेडबाई ओरडायला लागल्या तसा हा पटकन बोलून गेला, "मास्तरांनीच नंबर चुकीचे घातले होते." मास्तर शेजारीच उभे होते. त्यांनी याच्याकडे एकदा बघितलं. आणि हेडबाईंना म्हणाले, "हो. चूक माझी." बास. पुढे पक्कडनं वेगळं दुकान थाटलं, त्यांच्याच रस्त्यावर, समोरासमोर. चार वर्षं एकमेकांच्या पाट्या वाचल्या, पण बोलले नाहीत. मास्तर गेले तेव्हा हा लोकांच्या मागे उभा राहिला. काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, तो हिरवा मार्कर त्यांच्या खिशाला लावला आणि तसंच पाठवलं. पक्कडनं लांबून ते बघितलं. पुढे यायचं धाडस झालं नाही.

असो. पक्कडनं दुकानातून हत्यारांची पिशवी उचलली, दोन नव्या डिस्क घेतल्या आणि दहा वाजता सेंटरवर हजर. बाई दारातच. पायात दोन वेगळ्या चपला.

"काकूंना झालंय तरी काय?"

"डोक्यात दोन गाठी दिसतायत. एक जुनी, निरुपद्रवी, गप्प पडून असलेली. दुसरी नवीन, तीच डोळ्याची नस दाबतेय. उजव्या डोळ्यानं दिसायचं थांबलंय दुपारपासून. म्हणून थांबता येत नाही. आणि दोन्ही गाठी दिसायला सारख्या, दोन्ही त्या नसेच्या वाटेवरच."

"मग?"

"मास्तर गेल्यावर महिन्याभरानं काकूंना चक्कर आली होती. तेव्हा मीच फोटो काढले होते. त्या फोटोत एकच गाठ आहे. तो फोटो शेजारी ठेवला की कळेल जुनी कुठली. नाहीतर सर्जन अंदाजानं हात घालणार. चुकीच्या गाठीला सुरी लागली तर... तिथे बोलण्याची जागा आहे डोक्यात."

"छापील प्रत?"

"काकूंनी घर बदललं तेव्हा हरवली."

"आणि तुमची दुसरी प्रत? महिन्याच्या महिन्याला काढायची असते ती?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "ती मास्तर काढायचे. ते गेल्यावर कुणी काढलीच नाही. साडेसहाच्या आत सर्जनला पाठवायचंय, पक्कड. नाही जमलं तर आत्ताच सांग."

"जमेल," पक्कड म्हणाला. सगळे दुरुस्तीवाले आधी हेच म्हणतात.

मशीनची खोली अगदी मागे. पूर्वी तिथे फिल्मा धुवायचे. खिडकी नाही. भिंतीला अजून त्या औषधाचा आंबूस वास. एक स्टूल, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. ती घडी मास्तरांची. भिंतीवर एक आतला फोन, बाहेरच्या टेबलावर बाईंपाशी वाजणारा. आणि मधोमध ते धूड, कपाटाएवढं.

आता नीट ऐका, मला पक्कडनं तीनदा समजावलंय तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. त्या मशीनला डोकी दोन. प्रोसेसर म्हणतात. एका चुलीशी दोन आचारी समजा. आणि फोटो ठेवायला चार डिस्क, पण चारी मिळून एक. त्याला रेड म्हणतात. म्हणजे कसं, चार बहिणींना एकच गोष्ट ठाऊक आहे, पण तुकड्यातुकड्यानं. एक बहीण आजारी पडली तरी उरलेल्या तिघी मिळून तिचा तुकडा जुळवतात आणि गोष्ट पुरी होते. दोघी पडल्या... मग गोष्ट गेली. कायमची. देवसुद्धा जुळवू शकत नाही. आणि मशीन जिच्यावर चालतं ती सिस्टीम एका वेगळ्या बारक्या डिस्कवर.

ती बारकी डिस्क जळाली होती. हे पक्कडला दहा मिनिटांत कळलं. बदलली. मशीन चालू केलं, तर काळ्या पडद्यावर ओळ आली: चारांपैकी डिस्क २ बिघडली, बाकी तीन ठीक. पक्कडनं सुस्कारा टाकला. तिघी आहेत म्हणजे गोष्ट आहे. काकूंचा फोटो आत जिवंत आहे. आता नवी सिस्टीम टाकायची, की उघडलंच.

सिस्टीम टाकायला लावली. वीस टक्के. तीस. बत्तीस. चौतीस...

आणि निळा पडदा. सगळं कोसळलं. मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू.

घड्याळात अकराला दहा कमी.

भिंतीवरचा फोन वाजला. पक्कडनं उचलला. "हां बाई?"

काही नाही. फोनमध्ये पोकळी असते ना, तशी नुसती. मग...

टक.

थोडं थांबून,

टक टक.

आणि फोन बंद.

अगं ए, किंचाळतेस काय? मीच वाजवलं, टेबलाखाली, हे बघ माझं बोट. इतकं भित्रं पोर नाही बघितलं मी. सरक जरा, मधे बस.

पक्कडला वाटलं, बाई पेन आपटत असतील. काळजीनं. त्यानं काही विचारलं नाही. मेमरीच्या पट्ट्या काढल्या, पुसल्या, एकेक लावून बघितली. मेमरी खराब असली की सिस्टीम टाकताना असंच कोसळतं. शर्टाच्या फाटक्या बाहीनंच पुसल्या. पुन्हा सुरू.

तीस. बत्तीस. तेहतीस. चौतीस.

निळा पडदा.

सव्वाबारा. फोन. यानं उचलला. गप्प. मग टक. मग टक टक. मग बंद.

"तार ढिली असेल," पक्कड मोठ्यानं म्हणाला. एकटा माणूस मोठ्यानं बोलला की समजायचं, त्याला स्वतःचाच आवाज ऐकायचाय.

मग त्याला दोन डोक्यांचा संशय आला. दोन आचारी एका चुलीशी भांडत असतील, एकाला घरी पाठवू. एक प्रोसेसर काढला. त्याच्यावरची, उष्णता ओढून घेणारी जुनी पेस्ट बोटांना लागली, राखाडी. एकाच डोक्यावर सुरू केलं. हळू चाललं. पक्कड स्टुलावर बसून नुसते आकडे बघत राहिला.

बायकोचा फोन आला तेवढ्यात. "अहो, दूध कुठल्या गावाला आणायला गेलात?"

"मास्तरांच्या काकूंचं काम आहे. तू झोप."

ती एकदम मऊ झाली. "बोललात का त्यांच्याशी?"

"काकू दवाखान्यात आहेत गं."

"मी काकूंचं नाही विचारत," ती म्हणाली. माझी भाचीच ती, नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवते.

पक्कडनं फोन ठेवला. पडद्यावर चौतीस झाले होते.

निळा पडदा.

दोन वाजायला वीस मिनिटं. भिंतीवरचा फोन.

या वेळी त्यानं उचलून बोलायच्या आधी श्वास धरला. पोकळी. लांबलचक. जणू पलीकडून कुणी काहीतरी वर धरून थांबलंय...

टक.

टक टक.

बंद.

तो उठला आणि तडक बाहेर गेला. बाई टेबलावर डोकं ठेवून झोपलेल्या. फोनला गाल टेकून. गालावर फोनच्या बटणांचे वळ.

"बाई. बाई! तुम्ही आत फोन करताय का?"

बाई दचकून उठल्या. "झालं?"

"फोन केलात का?"

"कसा करेन? त्याच्यावरच झोपलेय मी! वेड लागलं का तुला? झालं का ते सांग."

"नाही अजून."

बाईंनी घड्याळ बघितलं. मग पक्कडकडे बघितलं. हळू आवाजात म्हणाल्या, "काकूंनी संध्याकाळी काय विचारलं ठाऊक आहे? मशीन आमच्या ह्यांचंच ना, मग काही काळजी नाही, म्हणाल्या."

पक्कड परत आत आला. खोलीत जरा गार वाटलं. पंख्यांमुळे असेल. मशीनमध्ये सहा पंखे.

मग त्यानं शेवटची परीक्षा केली. चार डिस्क ज्या कार्डाला जोडलेल्या, ते कार्डच काढून ठेवलं. आणि सिस्टीम टाकायला लावली. चौतीस... पस्तीस... चाळीस. पुढे गेलं! म्हणजे मेमरी चांगली. डोकी चांगली. बिघाड चार डिस्कांच्या बाजूला. ती आजारी बहीण मरतही नाही आणि बरीही होत नाही, मधेच अडकून कार्डाला लटकवून ठेवतेय, आणि सिस्टीम तिथे पोचली की कोसळतेय. पक्कडनं बिघाड धरला होता. आता सोडायचा नाही. ती आजारी डिस्क ओढायची, नवी घालायची, झालं.

कार्ड परत लावलं, प्रोसेसर परत लावला, मशीन चालू केलं. पडद्यावर तीच ओळ. डिस्क २ बिघडली. या मशीनमध्ये चालू असतानाच डिस्क ओढायची सोय, आणि ते बरंच, कारण बंद करून चालू करताना उरलेल्या तिघींपैकी कुणी रुसली तर?

त्यानं पुढचं झाकण उघडलं. चार कप्पे, एकाशेजारी एक. मास्तरांनी प्रत्येक डिस्कवर हिरवे नंबर घातले होते, पण झाडपूस करणाऱ्या बाईनं स्पिरिटनं घासून घासून सगळं गोरंपान केलेलं. कुठली डिस्क आजारी ते दाखवणारे दिवेही नाहीत. मात्र कप्प्यांच्या खाली पत्र्यावर कारखान्यानंच ठोकलेले आकडे होते. १, २, ३, ४.

नवी डिस्क पुडक्यातून फोडून काढली. लिहावं म्हणून पिशवीतला मार्कर काढला. कोरडा ठणठणीत. झटकला, थुंकी लावली. नाही. जाऊ दे, एकच तर ओढायचीय, एकीला कसला नंबर.

सव्वातीन वाजले होते.

पत्र्यावर २ लिहिलेल्या कप्प्याच्या खिट्टीवर त्यानं बोट ठेवलं.

फोन वाजला.

त्यानं उचलला नाही.

वाजत राहिला. थांबला.

पक्कडनं खिट्टी दाबली. खट. सुटली. कप्प्याचं तोंड बोटभर पुढे आलं, डिस्क अजून जागेवरच. आता नुसतं ओढायचं...

फोन.

या वेळी आवाज वेगळा नव्हता. तसाच होता. पण पक्कडच्या मानेवरचे केस उभे राहिले. डावा हात खिट्टीवरून काढायचं धाडस होईना. उजवा हात लांबवला. स्टूल कलंडलं. रिसीव्हर कानाला लावला.

काही नाही.

काही नाही...

ते काही नाही फार वेळ टिकलं. कुणीतरी वर धरून ठेवलेलं. हवेत.

टक.

...

टक टक.

आणि या वेळी फोन बंद झाला नाही.

पक्कडची नजर त्या चार कप्प्यांवर होती. कानात ते ठोके. आणि त्याची मान आपोआप हलली. पहिला कप्पा... पोकळी. दुसरा कप्पा... टक. तिसरा कप्पा... टक टक.

तिसरा.

मशीन शून्यापासून मोजतं, बाळा.

पडद्यावरचा दोन म्हणजे तिसरी डिस्क. पत्र्यावरचा दोन म्हणजे दुसरी. धडधाकट दुसरी. ती ओढली असती तर तिघींच्या दोघी झाल्या असत्या. नव्या डिस्कवर कार्डानं काहीबाही लिहायला घेतलं असतं. काकूंचा फोटो...

त्याच्या हाताला दरदरून घाम फुटला होता. बोट खिट्टीवरून घसरेल म्हणून तो हलेना. अगदी हळू, श्वास न घेता, त्यानं तो कप्पा आत ढकलला. खट. बसला. पडद्यावर काही बदललं नाही. बाकी तीन ठीक.

रिसीव्हर कानाशीच.

"मास्तर?"

...

"मास्तर, शाळेतल्या डिस्क मी मिसळल्या होत्या."

...

"तुमचे नंबर बरोबर होते. मी खोटं बोललो."

...

कुणी बोललं नाही. कुणी फोन ठेवलाही नाही. पक्कड सांगतो, फोनमधली ती पोकळी ऐकू येत होती, आणि ती रिकामी नव्हती. बस. याच्यापुढे मीही काही विचारत नाही त्याला.

मग कधीतरी नुसता सूं आवाज यायला लागला, बंद फोनचा येतो तसा.

त्यानं तिसरी डिस्क ओढली. नवी घातली. कार्ड कुरकुर करत कामाला लागलं. सिस्टीम टाकायला लावली. तीस. बत्तीस. चौतीस...

पक्कडनं डोळे मिटले.

उघडले तेव्हा छत्तीस.

सहाला पाच कमी असताना काकूंचं डोकं पडद्यावर आलं. काळंपांढरं, आणि त्यात एकच गाठ, डाव्या बाजूची. बाईंनी ते बघितलं आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. मग उठून सर्जनला पाठवलं, वर फोन करून ओरडून सांगितलं, "डावी जुनी! डावीला हात लावू नका! उजवी!" आणि तशाच दोन वेगळ्या चपला घालून दवाखान्याकडे पळाल्या.

काकू आहेत बरं का. आहेत अजून. उजव्या डोळ्यानं थोडं धूसर दिसतं, पण बोलणं शाबूत, आणि तोंड पूर्वीसारखंच तिखट. महिन्यानं पक्कड त्यांच्याकडे गेला आणि शाळेतलं सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मला माहीत होतं रे. त्यांनी त्याच रात्री सांगितलं होतं. पोरगा येईल म्हणायचे. दुकान बंद करताना रोज समोर बघायचे." एवढंच म्हणाल्या. पक्कड घरी येऊन दोन दिवस जेवला नाही.

आणि त्या दिवशी सकाळी सात वाजता हा रिकाम्या हातानं घरी पोचला, तेव्हा माझी भाची दारात कमरेवर हात ठेवून. "दूध?"

झालं. संपली गोष्ट. उठा. अंथरुणं घाला.

...

बसा, बसा. एक मागे ठेवलं होतं मी. तुम्ही पेंगायला लागलात की सांगायचं म्हणून.

बाई पळाल्यावर पक्कड खोलीत एकटाच होता. पडलेलं स्टूल उभं केलं, पुठ्ठ्याची घडी पायाखाली सारली. मशीनचं पुढचं झाकण लावायला वाकला.

लक्षात आहे ना, लिहिलं नव्हतं त्यानं. मार्कर कोरडा होता. नवी डिस्क त्यानं स्वतः पुडक्यातून फोडली होती, कोरी करकरीत.

तिसऱ्या कप्प्यातल्या त्या नव्या डिस्कवर एक आकडा होता. दोन. शेपूट खाली वळवलेला, आणि त्याखाली एक रेघ. हिरवा.

पक्कडनं अंगठ्यानं चाचपून बघितलं.

अंगठा हिरवा झाला. शाई अजून ओली होती.